घाग मॅडमचा अर्धा मांडव

घाग मॅडम दर वर्षी जानेवारीत अकरावीच्या वर्गात लग्न लावायच्या. खरं नव्हे हो, खोटं! समाजशास्त्राच्या पुस्तकात विवाह आणि कुटुंब असा धडा असतो, आणि तो नुसता वाचून दाखवला की मागच्या बाकावरची पोरं मान टाकतात, हे कळव्याच्या त्या ज्युनिअर कॉलेजात उभी हयात काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. म्हणून त्या बाक भिंतीला सरकवायला लावायच्या, चार बांबूंना एक जुनी साडी बांधून मांडव उभा करायच्या आणि विचारायच्या, "चला, यंदा कुणाच्या घरचं लग्न?" एका वर्षी कोकणातलं झालं, एका वर्षी साताऱ्याकडचं. गेल्या वर्षी एका मुलीच्या मावशीने येऊन बौद्ध पद्धतीचं लग्न समजावलं, तेव्हा ते इतक्या झटपट लागलेलं बघून पोरं म्हणाली, "मॅडम, हे बेस्ट आहे, जेवायला लवकर मिळतं."

यंदा लग्न आगऱ्यांचं होतं, कारण वर्गात सान्वी होती. सान्वीची आजी जाईबाई खाडीकाठच्या जुन्या गावातली धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. आगऱ्यांच्या घरी भटजी असो नसो, ही लागतेच. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही की मांडव उभा राहत नाही. ती गाण्यातून देवांना बोलावते आणि घरातल्या मेलेल्या माणसांनाही नावं घेऊन बोलावते. लग्नाला सगळ्यांनी यायला नको का? जिवंत माणसाच्या दारी जाऊन अक्षता देता येतात, मेलेल्याचं दार कुठे शोधणार? म्हणून त्याला गाणं.

मॅडम खूश झाल्या. असं अस्सल काही हाताला लागलं की त्यांच्या डोळ्यात चमक यायची. बाकी वेळी त्या डोळ्यांत फारसं काही नसायचं, आणि त्याला कारण होतं.

स्वप्ना घाग पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. माहेर डोंबिवलीचं, सासर मूळ चिपळूणकडचं, पण कळव्यात मुरलेलं. घर खाडीच्या बाजूच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात दोनच माणसं, त्या आणि सासूबाई शांताबाई. नवरा महेंद्र घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात हिशेब बघायचा. एके दिवशी सकाळी पोहे खाऊन, डबा घेऊन, स्कूटरला किक मारून निघाला, तो ऑफिसात पोचलाच नाही. स्कूटर खाडीच्या पुलाजवळ सापडली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, डबा डिकीत तसाच. भांडण नाही, चिठ्ठी नाही, कर्ज नाही, काही म्हणजे काही नाही. खाडीत शोधाशोध झाली, हाताला काही लागलं नाही. मग कुणीतरी सांगितलं की टिटवाळ्याला देवळाच्या रांगेत महेंद्रसारखा माणूस बघितला. झालं! तेव्हापासून मॅडम दर मंगळवारी टिटवाळ्याला. तिथला गणपती लग्नं जुळवतो, ताटातूट झालेल्यांना एकत्र आणतो, अशी लोकांची श्रद्धा. वर्गात मॅडम तिला लोकश्रद्धा म्हणून शिकवायच्या आणि मंगळवारी स्वतः मुकाट रांगेत उभ्या राहायच्या. अशी वर्षांमागून वर्षं गेली.

शांताबाईंचं एकच म्हणणं होतं. "माझा मुलगा येणार आहे. तू कपाळ मोकळं ठेवायचं नाहीस." रोज सकाळी सून बाहेर पडताना त्या तिच्या कपाळाकडे बघायच्या. टिकली दिसली की, "ये सावकाश," आणि मगच दाराची कडी. कायद्याने काय म्हटलं, पोलिसांनी काय म्हटलं, नातेवाइकांनी पाठीमागे काय म्हटलं, त्याच्याशी म्हातारीला देणंघेणं नव्हतं. ती वाट बघत होती, आणि सुनेनेही बघावी असा तिचा हट्ट होता. सून बघतही होती हो, मनापासून.

लोकांचं मात्र काही खरं नसतं. संक्रांतीनंतर समोरच्या ब्लॉकमधली बाई हळदीकुंकवाला बोलवायची. बोलवायची ती बोलवायची, पण कुंकू लावायची वेळ आली की तिचा हात मॅडमच्या कपाळापाशी येऊन क्षणभर थांबायचा. लावू की नको? मग घाईघाईने लावायची आणि दुसरीकडे बघायची. त्या थांबलेल्या हाताचा मॅडमना भयंकर राग यायचा, रडूही यायचं. घरी येऊन त्या चेहरा धुवायच्या आणि शांताबाईंना म्हणायच्या, "तिळगूळ छान होता."

आणि नेमका हाच विषय वर्गात निघाला. प्रियांका म्हणून एक तल्लख मुलगी होती. तिने विचारलं, "मॅडम, नवरा गेलेल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे लहान मुलींना शिकवतं कोण? कुणी सांगत तर नाही."

"कुणीच शिकवत नाही," मॅडम म्हणाल्या. "मुलगी आईच्या शेजारी बसलेली असते. आईचा हात कुठे थांबतो ते ती बघते. झालं शिक्षण. ह्यालाच आपल्या पुस्तकात सामाजीकरण म्हटलंय."

उत्तर बरोबर होतं. प्रियांकाने वहीत लिहून घेतलं. मॅडम खडू उचलायला वळल्या आणि जरा जास्तच वेळ फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तर लग्नाचा दिवस उजाडला. दोन तास सलग मागून घेतले होते. जाईबाई हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून, पोरांच्या गराड्यातून पालखीतून उतरल्यासारखी ऐटीत वर्गात आली. उत्तम नावाचा उंच मुलगा नवरा झाला होता, सान्वी स्वतः नवरी. नवरीची आई कोण? सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं, घाग मॅडम! मॅडम हसत मांडवात बसल्या. जाईबाईने जमिनीवर पळसाची पानं ओळीने मांडली, प्रत्येक पानावर मूठभर कोरडे तांदूळ. पंखे बंद करायला लावले, तांदूळ उडू नयेत म्हणून.

ज्याला आपल्या घरातलं मेलेलं माणूस बोलवायचं असेल त्याने नाव आधीच सान्वीकडे द्यायचं, असं ठरलं होतं. पोरांनी हौसेने आज्या-आजोबांची नावं दिली. प्रियांका म्हणाली, "आमच्यात असं बोलवत नाहीत, मॅडम. मी नुसती बघते." मॅडम म्हणाल्या, "बघ ना. बघणं हाच तर अभ्यास." मॅडमना स्वतःला कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांच्याही डोक्यात आलं नाही.

पण जाईबाईच्या डोक्यात होतं. तिने घरी नातीला बजावलं होतं, "ज्याचे घरचा मांडव, त्याचे घरचं मानूस पयलं बोलवायचं. नायतं बाकीचं दारान उभं रातात." आता मांडव नवरीच्या आईचा, म्हणजे मॅडमचा. सान्वीला मॅडम जीव की प्राण. मॅडमच्या घरचं पान रिकामं राहिलं तर काय वाटेल त्यांना? सगळं कॉलेज कुजबुजत होतं की घाग मॅडमचा नवरा खाडीत गेला. शिपायापासून लायब्ररीतल्या बाईपर्यंत सगळे तसंच धरून चालत होते. सान्वीनेही धरलं. आणि त्या गुणी पोरीने, मॅडमना बरं वाटावं म्हणून, आजीला नाव सांगून टाकलं.

जाईबाईने डोळे मिटले आणि गायला लागली. सूर खालचा, सपाट. ना रडणं ना गाणं, मधलंच काहीतरी. पोरांनी मोबाईल वर धरले, दोघंतिघं फिसकन हसली. आणि पहिलंच नाव आलं.

"महेंदर घागा, ये बाबा. उंबऱ्याशी उभा का, आत ये."

सान्वीचा हात मॅडमच्या हातात होता, तो त्यांनी इतका घट्ट आवळला की पोरगी कळवळली. उठावं, ओरडावं, बंद करा म्हणावं, असं त्यांना वाटलं. वाटलं पण उठता येईना. सगळा वर्ग बघत होता. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यातली एक वेडी बाई त्या क्षणी वर्गाच्या दाराकडे बघत होती, आलाच तर म्हणून. दारात कुणी नव्हतं. दार मात्र किलकिलं झालं, आणि बाहेर वारा तर नव्हता.

जाईबाई थांबली नाही. एकेक नाव येत राहिलं. उत्तमचे आजोबा भिवा, कुणाची गंगुबाई नावाची पणजी, कुणाचा चांगदेव काका. हसणारी पोरं कधी गप्प झाली ते त्यांनाही कळलं नाही. आजीचं नाव आल्यावर एक मुलगी ओढणी तोंडाला लावून रडायला लागली.

गाणं संपलं. जाईबाई गुडघ्यावर हात टेकत उठली आणि पानापानावरच्या तांदळांना बोट लावत चालली. कोरडे, कोरडे, सगळे कोरडे. मग ती पहिल्या पानापाशी आली, खाली वाकली आणि म्हणाली, "आयलाय."

त्या पानावरचे तांदूळ चिंब होते. पानाच्या कडेवरून पाणी ओघळून फरशीवर छोटं थारोळं झालं होतं.

"पाणी कुणी सांडलं?" मॅडम कडाडल्या. इतक्या जोरात त्या कधी बोलायच्या नाहीत. "बाटली कुणाची गळतेय? दाखवा बाटल्या!" पोरांनी बाटल्या वर केल्या. सगळ्यांची झाकणं लागलेली. बाटल्या ठेवल्या होत्या त्या बाकावर, भिंतीपाशी, मांडवापासून लांब. मॅडम पुढे झाल्या, एक दाणा उचलला, आणि का कोण जाणे, जिभेवर ठेवला. खारट. खाडीचा चिखल वास मारतो तसला वासही होता त्याला.

जाईबाई त्यांच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघत होती. "बाय, कुकू लावून बसलीस, म्हनून इचारतंय. त्यो गेलेला हाय ना?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणालाच माहीत नाही."

जाईबाईने कपाळाला हात लावला. "सान्वे, मेले, काय केलंस ह्ये! जित्याचं नाव या गान्यान घेत नाय!" सान्वीचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, सगळे बोलतात म्हणून… मला वाटलं…" मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागावायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

"घाबरू नको," जाईबाई खालच्या आवाजात म्हणाली. "जिता असता तं आयलाच नसता. पान्यान गेलेल्याचंच पान वल्लं व्हतं, बाकीच्यांचं कोरडंच रातं. पान वल्लं झालं, म्हंजे त्यो कवाच गेलाय. आता मांडव मोडताना या सगल्यांना परत लावायचं. ज्याचं त्यानं सोताच्या तोंडानं बोलायचं, जा. तुजं तूच बोलायचं. दुसऱ्यानं बोलून चालत नाय."

पोरांनी नवरा-नवरीला हार घालायला लावले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आणि जाईबाई निरोपाचं गाणं धरणार एवढ्यात घंटा झाली. दारात अर्थशास्त्राचे सर हजेरीपट घेऊन उभे. "बाकीचं पुढच्या तासाला," मॅडम पटकन म्हणाल्या. जाईबाई म्हणाली, "बाय, असं अर्धं ठेवत नाय!" पण पोरांनी तोवर बांबू सोडले होते, साडी गुंडाळली होती, आणि शिपायाने पानं सुपडीत भरली होती. आता घंटेला बोल लावण्यात अर्थ नाही. सर दोन मिनिटं थांबले असते, भला माणूस आहे तो. पण 'जा' म्हणायचं म्हणजे तो मेला हे कबूल करायचं, आणि ते मॅडमच्या तोंडून निघणार नव्हतं. त्यांना पळवाट हवी होती, ती घंटेने दिली.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तर शांताबाई दारातच. चेहरा असा फुललेला की मॅडम चरकल्या.

"किती उशीर गं! तो मघापासून वाट बघतोय."

"कोण, आई?"

"कोण काय विचारतेस? महेंद्र."

टीपॉयवर चहाचे तीन कप होते. दोन झाकलेले. तिसरा खिडकीतल्या वेताच्या खुर्चीसमोर, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. खुर्चीत कुणी नव्हतं. पण तिची उशी ओलीचिंब होती आणि खाली फरशीवर पाण्याचे थेंब टपटपत होते.

"भिजून आलाय," शांताबाई म्हणाल्या. "टॉवेल दिला तर घेत नाही. लहानपणापासून हा असाच. मी विचारलं, इतकी वर्षं होतास कुठे? तर म्हणतो, आई, दारातच होतो, आत ये असं कुणी म्हटलंच नाही."

वर्गात काय झालं ते मॅडमनी कुणालाही सांगितलं नव्हतं. शांताबाईंकडे मोबाईल नव्हता, कॉलेजातलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. घरात ओहोटीच्या वेळी येतो तसा वास भरून राहिला होता, आणि खाडीला तर तेव्हा भरती होती.

तुम्ही म्हणाल, बाईने त्याच दिवशी काहीतरी करायला हवं होतं. हवं होतं खरं. पहिले दोन दिवस त्या घाबरल्या, कॉलेजातून घरी यायला पाय उचलेनात. पण मग त्यांनी बघितलं की शांताबाई वालाचं बिरडं करतायत, त्याला आवडतं म्हणून. कित्येक वर्षांत म्हातारीने स्वतःहून गॅस पेटवला नव्हता. ती गुणगुणत होती. ताटं तीन मांडत होती. आणि मॅडमनाही, सांगू का, बरं वाटायला लागलं. पेपर तपासताना शेजारची खुर्ची करकरायची. नजर वर केली की कुणी नाही, फक्त वेतावरून पाणी ओघळतंय. रविवारी दुपारी शांताबाई आडव्या झाल्या होत्या तेव्हा मॅडम त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "का गेलास रे? माझं काही चुकलं का?" उत्तर आलं नाही. पण त्यांच्या मांडीवरच्या पेपराच्या कडेला एक ओलं बोट उमटलं आणि शाई पसरली. त्या दिवशी त्या खूप रडल्या, आणि मंगळवारी टिटवाळ्याला गेल्या नाहीत. कशाला जायचं? तो तर घरात होता.

मग शांताबाईंचे हात बदलायला लागले. खूप वेळ धुणं धुतल्यावर बोटं सुरकुततात ना, तशी त्यांची दहाही बोटं कायमची झाली, पांढरी आणि गार. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, शक्तीची गोळी द्या. त्या जेवेनाशा झाल्या. बिरडं करायच्या, ताटं मांडायच्या, आणि आपलं ताट सरकवून द्यायच्या.

"खा ना, आई, दोन घास."

"नको. तो म्हणतो तिकडे भूकच लागत नाही."

"तिकडे कुठे?"

"पुलाखाली. एकटाच असतो गं तो. चल म्हणतो मला." शांताबाई हे इतक्या सहज बोलल्या, जसं काही शेजारच्या गावाला चार दिवस जायचंय. "तू तुझं नीट राहा. किल्ली फडताळात आहे."

वाट बघण्यात मॅडमचं तारुण्य गेलं होतं, ते गेलं. तो येईल ही एक गोष्ट उराशी धरून त्या जगल्या होत्या. 'जा' म्हटलं की ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या हाताने मारायची. 'जा' नाही म्हटलं तर तो ह्या म्हातारीला घेऊन जाणार. एकीकडे मेलेला नवरा आणि दुसरीकडे जिती सासू, इतकं ते सरळ होतं. त्यांनी सान्वीला फोन लावला. "आजीला उद्या आणशील? राहिलेलं लग्न पुरं करायचंय."

दुसऱ्या दिवशी पोरांना वाटलं, रिव्हिजन आहे. पुन्हा बांबू, पुन्हा साडी, पुन्हा पानं. ह्या खेपेला जाईबाईने पहिल्या पानावर तांदूळ ठेवले आणि ते तिच्या हाताखालीच ओले झाले. कुणी हसलं नाही. पंखे बंद होते. जाईबाईने निरोपाचं गाणं धरलं, आणि प्रत्येक नावाशी थांबून ज्याच्या त्याच्याकडे बघू लागली. उत्तम म्हणाला, "जा, आबा." पणजीला कुणी म्हटलं, काकाला कुणी म्हटलं. सगळ्यात शेवटी, ज्यांचा मांडव त्यांची पाळी.

"महेंदर घाग," जाईबाई म्हणाली आणि थांबली.

मॅडमचे ओठ हलले, आवाज फुटेना. प्रियांका भिंतीपाशी बसून बघत होती. ती उठली, कुणाला काही न विचारता मांडवात आली आणि मॅडमच्या शेजारी मांडी घालून बसली.

"महेंद्र," मॅडम म्हणाल्या, "मी तुझी फार वाट बघितली रे. मला तुझा राग येतो, तुझी आठवण येते, आणि तू का गेलास ते मला कधीच कळणार नाही. आता जा. आईला नेऊ नकोस. जा."

वर्गाचं दार हळूच उघडलं आणि तसंच मिटलं. जाईबाईने पानावर बोट टेकवलं. "सुकलं," ती म्हणाली.

सुटकेचा श्वास टाकायचा, तर मॅडमच्या मनात भलतंच आलं. तो गेला, पण एकटाच गेला का? पर्स तिथेच टाकून त्या धावत सुटल्या. पन्नाशीला आलेल्या घाग मॅडम भर दुपारी कळव्याच्या रस्त्यावरून पळतायत आणि रिक्षावाले वळून बघतायत, असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं. शांताबाईंच्या चपला नाहीत. वेताची खुर्ची कोरडी ठणठणीत. तीन कप टीपॉयवर, तिन्ही भरलेले.

समोरच्या ब्लॉकमधली बाई दारात आली. "आजी मघाशी खाली गेल्या. मी विचारलं कुठे, तर म्हणाल्या मुलाला पोचवायला. कुणाशी तरी बोलत होत्या, पण हो, एकट्याच होत्या."

मॅडम जिना कसा उतरल्या ते त्यांना आठवत नाही. सोसायटीच्या मागून खाडीकडे पायवाट जाते, दोन्ही बाजूंना तिवराची झुडपं. त्या झुडपांत शिरल्या, "आई! आई!" करत. पाणी चढलेलं होतं. काठाशी चिखलात अनवाणी पावलं उमटली होती, पाण्याच्या दिशेने जाणारी. म्हातारीची छोटी पावलं, आणि शेजारी एक मोठी जोडी. मॅडम मटकन खालीच बसल्या.

"अशी काय बसलीस चिखलात?"

शांताबाई मागे उभ्या होत्या, बाजूच्या तिवरांतून वर आलेल्या. चपला हातात, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पाय चिखलाने माखलेले. थंडीने कुडकुडत होत्या, पण तोंडावर रोजची ती कुरकुर होती.

"गुडघ्याएवढ्या पाण्यापर्यंत गेले त्याच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "आई, चल म्हणाला. हात धरला होता माझा. मी म्हटलं, अरे, ती कॉलेजातून येईल, तिला दार कोण उघडेल? तू जा. सोडला मग हात."

मॅडमना हुंदका आवरेना. "आई, मी त्याला जा म्हटलं. माझ्या तोंडाने म्हटलं."

शांताबाईंनी चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि मॅडमच्या कपाळाकडे नेला. धावण्याच्या घामाने टिकली सरकून भुवईवर आली होती. आता ही काढून टाकणार, असं मॅडमना वाटलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. तो हात मधे कुठेही थांबला नाही. शांताबाईंनी टिकली नखाने उचलली आणि कपाळाच्या बरोबर मध्यावर नीट दाबून बसवली.

"चल," त्या म्हणाल्या, "भूक लागलीय मला."